वाद घालायची हौस

।। जय जय रघुवीर समर्थ ।।

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ३२



दहावा अध्याय सुरू करून आज आठवडा झाला. विभूतियोगात भगवंत एकेक जात घेतात आणि त्या जातीतलं जे सर्वांत मोठं, ते मी, असं सांगत जातात. स्थावरांमध्ये हिमालय, वृक्षांमध्ये पिंपळ, आयुधांमध्ये वज्र, नद्यांमध्ये गंगा. इथपर्यंत वाचणारा सहज मान डोलवतो. पण बत्तिसाव्या श्लोकात अध्यात्मविद्येचं नाव घेतल्यावर लगेच ते म्हणतात की वाद करणाऱ्यांच्या बोलण्यातला वाद मी आहे.

वाद! आपल्याकडे हा शब्द काही चांगल्या अर्थाने वापरत नाहीत. बांधाचा वाद, भाऊबंदकीचा वाद, कोर्टातला वाद. लहानपणी आजी म्हणायची, वादाला लागू नये. आणि इथे साक्षात भगवंत म्हणतात, तो मी.

हा श्लोक पहिल्यांदा नीट समजून वाचला तेव्हा मला फार आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, चला, आपल्या खोडीला शास्त्राधार मिळाला.

माझी खोड जुनी आहे. कॉलेजात असताना वादविवाद स्पर्धांना जायचो. विषय कुठलाही असो, नाव देताना ‘विषयाच्या विरोधात’ असंच लिहायचो. यंत्रयुग शाप की वरदान, यावर सगळी मुलं वरदान म्हणून बोलायची, मी शाप म्हणून. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात तोच विषय निघाला आणि तिथे सगळे शाप म्हणत होते, तर मी वरदानाच्या बाजूने उभा राहिलो. दोन्ही वेळा नंबर आला. एकदा फिरता करंडक मिळाला, तो वर्षभर आमच्या ओसरीत कोनाड्यात होता. जी बाजू कुणालाच नको असते ती उचलायची आणि समोरच्यांना निरुत्तर करायचं, यात एक नशा असते. ज्यांना ती माहीत आहे त्यांना सांगायला नको, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळणार नाही.

पुढे शिक्षक झालो, तरी खोड गेली नाही. स्टाफरूममध्ये, एसटीत, पारावर, लग्नाच्या पंगतीत. चारजण एका बाजूने बोलायला लागले की माझी जीभ शिवशिवायची. बायको म्हणायची, “अहो, तुम्हाला ‘हो’ म्हणून बघा की एकदा.” मी तिच्याशी त्यावरही वाद घालायचो.

तर हा श्लोक. आनंदाच्या भरात मी भाष्य उघडलं, आणि तिथे माझी जरा पंचाईत झाली. आद्य शंकराचार्य म्हणतात की वादामुळे अर्थाचा निर्णय होतो, म्हणून तो श्रेष्ठ. आणि वाद करणारे या शब्दाने बोलणारी माणसं घ्यायची नाहीत, बोलण्याचे प्रकार घ्यायचे. वाद, जल्प आणि वितंडा. या तिघांत वाद मी, असं भगवंतांचं म्हणणं. म्हणजे बाकीचे दोन ते नाहीत, हे ओघानेच आलं.

हे तीन शब्द न्यायशास्त्रातले आहेत. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत अगदी सुरुवातीला जे सोळा पदार्थ सांगितलेत, त्यांत हे तिन्ही ओळीने येतात. वाद म्हणजे दोन पक्ष आहेत, प्रमाण आहे, तर्क आहे, आणि दोघांनाही खरं काय ते शोधायचं आहे. जल्पातही दोन पक्ष असतात, प्रमाण आणि तर्कही असतात, पण जिंकायचं असतं. म्हणून त्यात छळ चालतो, शब्दांत पकडणं चालतं, समोरच्याची चूक दाखवून त्याला गप्प करणं चालतं. आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच मांडायचं नाही, दुसऱ्याचं फक्त पाडायचं. आपण ‘वितंडवाद’ म्हणतो तो इथूनच आला.

छळ म्हणजे इथे त्रास देणं नव्हे. शब्दाचा अर्थ फिरवून दुसऱ्याला फसवणं, तो छळ. शास्त्रात त्याचं गमतीदार उदाहरण देतात. कुणी म्हणालं, या मुलाकडे नवकंबल आहे. बोलणाऱ्याला म्हणायचंय, नवीन घोंगडी आहे. तर दुसरा म्हणतो, नऊ कुठे आहेत, मला तर एकच दिसते! संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवीनही आणि नऊही. सगळे हसतात, पहिला गोंधळतो, दुसरा जिंकला. मुलाला थंडी वाजतेय की नाही, हे तसंच राहिलं.

हे वाचून मी हसलो. मग हसू थांबलं, कारण मला आमची ओसरी आठवली.

आता ते सांगतो. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं. माझी नोकरी जालन्यात, शेती धाकट्या भावाकडे. २०१२ साली पाऊस कसा गेला ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. दिवाळीलाच विहिरींनी तळ दाखवला. जालना शहरात नळाला कधी पाणी येईल याचा नेम नव्हता, खेड्यांत टँकर. आणि या सगळ्यात मोसंबीच्या बागा उभ्या होत्या. ज्वारी गेली तर एक हंगाम जातो. मोसंबीचं झाड गेलं तर नवं लावून ते फळाला यायला पुन्हा चार-पाच वर्षं. भावाची साडेतीनशे झाडं होती, चौदा वर्षांची. त्याने ती पोरांसारखी वाढवली होती असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही, पोरांकडे त्याचं तितकं लक्ष नव्हतं.

२०१३ च्या फेब्रुवारीत मी गावी गेलो होतो. रात्री ओसरीत बैठक बसली. वडील होते, चुलते होते, शेजारचे दोघे-तिघे होते. विषय एकच, बाग ठेवायची की तोडायची. भावाचं म्हणणं, उसनवारी करून टँकरचं पाणी घ्यावं आणि जूनपर्यंत बाग जगवावी. वडील त्याच्याच बाजूचे. चुलतेही. शेजारी म्हणाले, आम्हीपण तेच करायलो.

सगळे एकीकडे. आता मी काय करणार?

मी म्हटलं, कागद आणा.

मग मी हिशोब मांडला. एका झाडाला नुसता जीव धरून राहायला आठवड्याला शंभर लिटर धरू. साडेतीनशे झाडांना पस्तीस हजार. बारा हजार लिटरचा टँकर धरला तर आठवड्याला तीन टँकर. टँकर दीड हजाराला. आठवड्याचे साडेचार हजार. जूनच्या मध्यापर्यंत अठरा आठवडे, म्हणजे एक्क्याऐंशी हजार. हे कर्जाने, वर व्याज. आणि एवढं करून झाडं वाचलीच तरी पुढची दोन वर्षं फळ धरणार नाही, झाड आधी स्वतःला सावरेल. टँकर मिळेलच याची खात्री कुणी देईल का? मिरगाला पाऊस येईलच असं कुणी लिहून देईल का?

चुलते म्हणाले, “अरे पण झाडं तोडायची म्हणजे…” मी म्हटलं, भावनेवर शेती होत नसते. वडील म्हणाले, “बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बैल इकले नाहीत.” मी म्हटलं, बैल चालून दुसरीकडे नेता येतो, झाड नेता येतं का? सगळे हसले. वडीलपण हसले. भाऊ म्हणाला, “दादा, अर्धीमुर्धी तरी…” त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, अर्धीमुर्धी म्हणजे अर्धा खर्च आणि शून्य उत्पन्न.

टाळी मिळाल्यासारखं वाटलं मला. खरंच सांगतो, त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला बरं वाटत होतं. तीस वर्षांनी करंडक मिळाल्यासारखं.

भाऊ उठताना एवढंच म्हणाला, “मला तुमच्यासारखं बोलता येत नाही दादा. तुम्ही म्हणता तसं करू.”

मार्चमध्ये बाग तुटली. लाकूड सरपणाच्या भावाने गेलं. त्या दिवशी मी गावात नव्हतो, परीक्षेचं काम होतं.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. जूनमध्येच आला, चांगला आला. पण मंडळी, पाऊस आला म्हणून मी चुकलो, असं मी म्हणत नाही. पाऊस आला नसता तर लोकांनी मला दूरदृष्टीचा म्हटलं असतं, आणि मी त्यांना तसं म्हणू दिलं असतं. माझी चूक पावसाने ठरत नाही. माझी चूक शेजाऱ्याच्या बांधावर उभी होती. त्याने काय केलं? त्याची तीनशे झाडं होती. त्यातली दुबळी दीडशे त्याने सोडून दिली आणि उरलेल्या दीडशेंच्या फांद्या छाटून, बुडाला पाचट आणि पालापाचोळा जाड अंथरून, आहे तेवढं पाणी फक्त त्यांना दिलं. सगळी नाही, पण बरीचशी वाचली. आणि हेच माझा भाऊ त्या रात्री बोलायला लागला होता. “अर्धीमुर्धी तरी.”

माझ्या वादविवादात बाजू दोनच होत्या. ठेवायची आणि तोडायची. तिसरी बाजू जो घेऊन आला होता, त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. आणि ती रात्र उलटी असती, सगळे तोडा म्हणत असते, तर मी ठेवा म्हणून तितक्याच जोरात बोललो असतो, कागदावर दुसरे आकडे मांडून. हे मला त्याच रात्री माहीत होतं.

म्हणून त्या ओसरीत झालं त्याला शास्त्राच्या भाषेत नाव आहे. जल्प. भगवंतांनी ‘तो मी’ म्हटलं ते हे नव्हे.

त्यानंतर भाऊ माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. काही विचारलं की “तुम्ही म्हणाल तसं” म्हणायचा. शेताचं असो, वडिलांच्या आजारपणाचं असो, पुतणीच्या लग्नाचं असो. मी म्हणायचो, तुला काय वाटतं ते सांग. “मला काय कळतंय दादा.” घरात माझ्यापुढे कुणी बोलेना. वादात जिंकलेल्या माणसाची ही गत होते, त्याच्याशी कुणी वाद घालत नाही.

आता गीतेकडे परत या. गीता हाच एक वाद आहे, हे आपल्या लक्षात येत नाही कारण आपण ती पूजेला ठेवतो. अर्जुन ऐकून घेणारा शिष्य नाही. पहिल्या अध्यायात त्याने जी बाजू मांडली ती दोन्ही सैन्यांत कुणालाच पसंत पडली नसती. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो सरळ विचारतो, कर्मापेक्षा बुद्धी मोठी म्हणता तर मला या घोर कामात का ढकलता? सहाव्यात तर तो म्हणतो की तुम्ही मन आवरायला सांगता, पण मन आवरणं मला वाऱ्याची मोट बांधण्याइतकं अवघड वाटतं.

आणि इथे भगवंत काय उत्तर देतात ते बघा. आधी ते मान्य करतात. यात शंका नाही, मन चंचल आहे, आवरायला कठीण आहे, असं म्हणूनच पुढे अभ्यास आणि वैराग्य यांचा उपाय सांगतात. जगाचा स्वामी आधी समोरच्याचं खरं असेल तेवढं खरं म्हणतो. मी माझ्या भावाला “तुझं बरोबर आहे, झाड म्हणजे नुसता हिशोब नव्हे” एवढं म्हटलं असतं तरी त्याने पुढचं वाक्य बोललं असतं. आणि शेवटी अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर भगवंत म्हणतात की याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. “तुम्ही म्हणता तसं करू” हे वाक्य अर्जुनाकडून त्यांनी असं मिळवलं. माझी मिळवण्याची रीत वेगळी होती.

ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणपतीचं जे रूपक केलंय त्यात तर्काला परशू म्हटलं आहे, आणि संवादाला दात, तोही समतेच्या शुभ्र रंगाचा. चतुर्थीला आपण राजूरला जातो, रांगेत तास-दीड तास उभे राहतो, तेव्हा हे आठवावं. परशू देवाच्या हातात आहे, तो टाकून द्यायचा नाही. पण तो हातात असतो, लागेल तेव्हा उचलायचा. दात चेहऱ्यावरच असतो. माझ्या चेहऱ्यावरच परशू होता, असं आता वाटतं. (बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “उशिरा का होईना.”)

आणि समर्थ तर आपल्याच मातीतले. घनसावंगी तालुक्यातलं जांब, शके १५३० ची रामनवमी, म्हणजे १६०८ साल. मनाच्या श्लोकांत एके ठिकाणी लागोपाठ कितीतरी श्लोकांचा शेवट समर्थ एकाच ठिकाणी आणून करतात, की ज्या बोलण्याने वाद तुटतो तेच बोलणं हिताचं. हे वाचून काहीजण म्हणतात, समर्थांना वादच मान्य नव्हता. मला तसं वाटत नाही. दासबोध उघडा. ग्रंथाची सुरुवातच श्रोत्यांच्या प्रश्नाने होते, आणि पुढे जागोजागी श्रोता आशंका काढतो आणि समर्थ तिला उत्तर देतात. शंका काढणाऱ्याला त्यांनी ग्रंथात बसायला जागा दिली आहे. ज्याला त्यांनी झोडपलंय तो पढतमूर्ख. त्याला सगळं येतं, ज्ञान स्वच्छ सांगता येतं, आणि आत अभिमान तसाच. तो समास मी वर्गात अनेकदा शिकवलाय. शिकवताना समोरच्या मुलांकडे बघायचो.

मग लोकांना नको असलेली बाजू घेऊच नये का? असं म्हणणारे निघतील, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. तिचा एक धागा आपल्या जालन्यापर्यंत येतो.

जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. ती वसवली नारायण शेषाद्री यांनी, हैदराबाद संस्थानाकडून जमीन मिळवून. हे मूळचे ब्राह्मण, मुंबईत मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्याबरोबर त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. तो अजून लहान होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं. नारायणराव त्या घरात राहिले, श्रीपत परत आला.

पण परत आला तो कुठे? परधर्मीयांच्या घरी राहिला, जेवला, म्हणजे बाटला. ज्ञातीत त्याला जागा नाही. मुलगा घरी आहे आणि घरात नाही, अशी अवस्था. त्या वेळी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. ‘दर्पण’ काढणारे तेच, एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक. वय तिशीच्या पुढे थोडंसं. त्यांचं म्हणणं, लहान मुलाचा यात काय दोष? शास्त्राप्रमाणे प्रायश्चित्त द्या आणि त्याला पदरात घ्या. आज हे किती साधं वाटतं! तेव्हा मुंबईतली सनातनी मंडळी त्यांच्यावर उसळली. एकदा बाहेर गेलेला परत घेतला अशी रीत पडली तर धर्म राहील का, असा त्यांचा सवाल. बाळशास्त्र्यांनी तो रोष पत्करला आणि मुलाची शुद्धी करून त्याला परत घेण्याची व्यवस्था केली. पुढे १८४६ साली, ऐन तारुण्यात ते गेले.

मी या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जातो. दोन भाऊ, दोन घरं. थोरल्याने जे केलं ते त्याच्या श्रद्धेने केलं, त्यावर निवाडा देणारा मी कोण? त्यांनी पुढे आपल्या जिल्ह्यात जे उभं केलं ते लोकांसमोर आहे. माझं लक्ष बाळशास्त्र्यांवर खिळतं. तेही सगळ्यांच्या विरुद्ध बोलत होते आणि मीही ओसरीत सगळ्यांच्या विरुद्ध बोललो. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं. पण त्यांच्या वादाच्या मध्यभागी एक मुलगा होता, त्याला रात्री जेवायला कुठल्या पानावर बसायचं हे ठरायचं होतं. माझ्या वादाच्या मध्यभागी मी होतो. आणि हरले असते तर किंमत त्यांना स्वतःलाही मोजावी लागली असती. मी हरलो असतो तर चहा पिऊन झोपलो असतो. जिंकलो, त्याची किंमत भावाने मोजली.

असंही होतं की खरी बाजू सभेत हरते. १८७० साली पुण्यात विधवांच्या पुनर्विवाहावर शास्त्रार्थ झाला. सुधारकांच्या बाजूने विष्णुशास्त्री पंडित होते. शंकराचार्यांसमोर, पंच नेमून, दिवसेंदिवस चर्चा. निकाल पुनर्विवाहाच्या विरोधात गेला. विष्णुशास्त्र्यांनी पुढे १८७४ साली स्वतः एका विधवेशी लग्न केलं. शास्त्रार्थात हरलेला माणूस आपल्या म्हणण्याप्रमाणे वागून दाखवतो, त्याला मग कुठला परीक्षक गुण देणार?

न्यायसूत्रांत याच विषयावर एक फार सुंदर दाखला आहे. शेतकऱ्याला तो लगेच कळेल. जल्प आणि वितंडा यांचा उपयोग काहीच नाही का? तर सूत्रकार म्हणतात, आहे. बी रुजून कोंब वर आला की त्याच्याभोवती काट्यांचं कुंपण घालतात, तसा. म्हणजे सत्याचा कोंब कोवळा असेल आणि कुणी तो खुडायलाच आला असेल, तर काटे लावा. आमच्याकडे बोराटीच्या फांद्या टाकतात. पण काटे कोंबाच्या भोवती टाकायचे असतात, कोंबावर नाही. आणि वाद कुणाबरोबर करावा तेही सूत्रांत सांगितलंय. शिष्याबरोबर, गुरूबरोबर, आपल्याबरोबर शिकणाऱ्यांशी, ज्यांच्या मनात आपल्याविषयी असूया नाही त्यांच्याशी. म्हणजे आपल्याच माणसांशी. मी नेमका आपल्याच माणसांवर कुंपणाचे काटे टाकत होतो.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो.

२०१६ चा उन्हाळा. पुन्हा दोन-तीन वर्षं पावसाची ओढ. गावात अखंड हरिनाम सप्ताहाची तयारी चालली होती. वर्गणीची बैठक मारुतीच्या देवळात. मी तोवर निवृत्त झालो होतो आणि महिन्यातले पंधरा दिवस गावीच असायचो. माझ्या मनात होतं, की या वर्षी मांडव आणि शेवटच्या दिवसाची पंगत लहान करावी आणि उरलेल्या पैशांतून गावतळ्यातला गाळ काढावा. ही गोष्ट कुणाला आवडणार नाही हे मला माहीत होतं. पण या वेळी मी एक केलं. बैठकीच्या आदल्या रात्री वहीत मी त्यांची बाजू लिहून काढली, जितकी चांगली लिहिता येईल तितकी. पूर्वपक्ष म्हणतात त्याला. सप्ताहाची पंगत म्हणजे वर्षातून एकदा सगळ्या आळ्या एका ओळीत बसतात तो दिवस. माहेरवाशिणी येतात. दुष्काळात कुणाच्या घरी सण होत नाही, तर देवाच्या दारी तरी व्हावा. लिहिता लिहिता मलाच ते पटायला लागलं. तरी माझं म्हणणं पुरतं गेलं नाही.

बैठकीत मी उभा राहिलो तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, “झालं, गुरुजी सुरू झाले.” मी आधी त्यांची बाजू मांडली. मग माझी मांडली. कुणाला कोपरखळी मारली नाही. दोन-तीन चांगल्या सुचल्या होत्या, गिळल्या.

हरलो. हात वर करायला सांगितले तर माझ्यासकट पाच. सप्ताह दरवर्षीसारखा झाला, पंगत दणक्यात झाली, मीही वाढायला होतो.

काल्याच्या दिवशी रात्री सगळं आवरल्यावर भाऊ माझ्याशेजारी देवळाच्या पायरीवर येऊन बसला. तंबाखू मळत होता. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, तुमचं मला काही पटलं नाही.”

मी त्याच्याकडे बघितलं. तीन वर्षांत असं वाक्य त्याच्या तोंडून आलं नव्हतं.

म्हटलं, “कामून?”

“गाळ काढायचा तर तळ्यातला कामून? तळ्याला येणारा नाला आधी बुजलाय. वर दोन बांध टाकल्याबिगर गाळ काढून काय फायदा? चार पावसांत पुन्हा भरतंय.”

मला नाल्याचं माहीतच नव्हतं. मी म्हटलं, पण बांधाला पैसा जास्त लागेल. तो म्हणाला, नाही लागत. मी म्हटलं, लागेल. त्याने खडू मागितला, तो नव्हता, म्हणून विटेच्या तुकड्याने पायरीवरच नाला काढून दाखवला. देवळाचा दिवा विझवायला पुजारी आला तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि आम्ही दुसऱ्या बांधाच्या जागेवर अडलो होतो.

।। जय जय रघुवीर समर्थ ।।